निःशस्त्र पोलीस, चाकूवाला आणि ८२ सेकंद: ब्रिटनमध्ये पोलिसाचं कर्तव्य नेमकं कुठे संपतं?

टेम्सकाठी (धागालेखक)

२२ मार्च २०१७ ची दुपार. वेस्टमिन्स्टर पुलाच्या फुटपाथवरून माणसं चिरडत आलेली भाड्याची गाडी संसदेच्या कुंपणाला धडकली. खालिद मसूद उतरला आणि चाकू घेऊन कॅरेज गेटच्या उघड्या फाटकातून आत शिरला. फाटकावर पीसी (पोलीस कॉन्स्टेबल) कीथ पामर होते. अंगात चाकूरोधक जाकीट, पण बंदूक नाही. पुलावरच्या पहिल्या धडकेपासून मसूदला गोळी लागेपर्यंत सगळा मामला ८२ सेकंदांचा. पामर वाचले नाहीत. नंतर त्यांना मरणोत्तर जॉर्ज मेडल मिळालं.

त्याच अंगणात एका गाडीत क्रेग मॅकी बसले होते, लंडन पोलिसांचे त्या दिवसांतले हंगामी आयुक्त. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, जाकीट नाही, वायरलेस नाही, सोबत हादरलेले नागरी कर्मचारी. दरवाजे लॉक झाले, एका पोलिसाने इथून निघा म्हणून सांगितलं, गाडी निघाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॉरोनरसमोर (मृत्यूंची न्यायिक चौकशी करणारा अधिकारी) त्यांनी हे स्वतः सांगितलं आणि जो हलकल्लोळ झाला तो अनेकांना आठवत असेल. सर हा किताब काढून घ्या म्हणून सह्यांची मोहीमसुद्धा निघाली. आयुक्तच भोसकला गेला तर पुढचा तासभर शहराची सूत्रं कोण हलवणार, हे विचारायला फारसं कोणी थांबलं नाही. मॅकी तिथून थेट स्कॉटलंड यार्डात सूत्रं हाती घ्यायला गेले होते.

मला त्या चौकशीतली खरी गोष्ट वेगळीच वाटते. अंगणात बंदूकधारी पोलिसांची जोडी ड्यूटीवर होती. लेखी सूचनांप्रमाणे त्यांनी त्या फाटकाच्या आसपास असायला हवं होतं. ते मात्र अंगणभर फिरती गस्त घालत होते, आणि हल्ल्याआधी जवळजवळ तासभर फाटकाशी फिरकले नव्हते. ते तिथे असते तर पामर कदाचित वाचले असते, असं मुख्य कॉरोनर मार्क लुक्राफ्ट यांनी नोंदवलं. म्हणजे एका बाजूला साहेब भित्रा की शहाणा यावर पानंच्या पानं, आणि दुसऱ्या बाजूला ड्यूटीचा एक कागद, जो ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्यापर्यंत नीट पोचलाच नाही.

तर प्रश्न असा. पोलीस आहेस ना, मग धाव, ही लोकांची अपेक्षा. तिला कायद्याचा आधार किती? ती पहिल्यापासून अशीच होती का? जाणकारांनी लिहावं. चर्चा ब्रिटनपुरतीच ठेवू.

कलमकसाई

कायद्याची बाजू मांडते. थोडं लांबेल.

पोलीस होताना कॉन्स्टेबल शपथ घेतो. तिचे शब्द १९९६ च्या पोलीस कायद्याच्या परिशिष्टात आहेत आणि २००२ मध्ये बदलले. शांतता राखीन, माणसांविरुद्धचे आणि मालमत्तेविरुद्धचे गुन्हे रोखीन, इतकंच. जीव देईन असं त्यात कुठेही नाही. त्या बाबतीत सैनिकापेक्षा हा वेगळा गडी.

नुसतं बघत उभं राहिलं तर? त्यासाठी एकच खटला पाठ असला तरी पुरे: डायथॅम, १९७९. सेंट हेलेन्समध्ये नाइटक्लबबाहेर एका माणसाला लाथाबुक्क्यांनी मारून टाकलं. गणवेशातला कॉन्स्टेबल साधारण ३० यार्डांवर उभा होता. मध्ये पडला नाही, मदत बोलावली नाही, सगळं संपल्यावर माझी ड्यूटी संपली म्हणून निघून गेला. सार्वजनिक पदाच्या कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली म्हणून तो दोषी ठरला. शिक्षा किती? १५० पौंड दंड. कसूर जाणूनबुजून आणि समर्थनाला जागा नसेल अशी हवी. आत शिरलो असतो तर मेलो असतो हे समर्थन ग्राह्य धरलं जाऊ शकतं. पण वायरलेसवर मदतसुद्धा मागितली नाही, याला समर्थन नाही.

आता नुकसानभरपाईचा दावा. हा भाग ऐकून लोकांना धक्का बसतो. हिल, १९८९: यॉर्कशायर रिपर या मालिका-खुन्याला वेळेत पकडलं नाही म्हणून शेवटच्या बळीच्या आईने दावा केला, फेटाळला. संभाव्य बळींबाबत पोलिसांवर दक्षतेचं कर्तव्य नाही, असा निकाल. मायकेल, २०१५: कार्डिफमधून एका बाईने पहाटे २:२९ ला ९९९ हा तातडीचा नंबर लावला. पूर्वीचा जोडीदार मारून टाकायची धमकी देऊन गेलाय आणि परत येणार आहे. फोन चुकून शेजारच्या ग्वेंट पोलिसांकडे गेला. तिथल्या ऑपरेटरने साउथ वेल्सकडे माहिती पाठवली तेव्हा जिवे मारण्याची धमकी तिच्यात नव्हती. ताबडतोब जाण्याचा कॉल त्यामुळे तासाभरात जाण्याचा झाला. २:४३ ला पुन्हा फोन, त्यात किंकाळी. २:५१ ला पोलीस पोचले तोवर ती गेलेली. चौकी पाच-सहा मिनिटांवर होती. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध दोन मतांनी निष्काळजीपणाचा दावा फेटाळला.

उरते ती मानवी हक्कांची वाट. ऑस्मन, १९९८, स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवी हक्क न्यायालय. विशिष्ट व्यक्तीच्या जिवाला खरा आणि तात्काळ धोका आहे हे पोलिसांना माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, आणि तरी त्यांनी आपल्या अधिकारात बसणारी वाजवी पावलं उचलली नाहीत, तर मानवी हक्क कराराच्या कलम २ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग. मायकेल खटल्यातही हा भाग पुढे चालू राहिला. पण यातलं वाजवी हे विशेषण सगळा भार उचलतं. वाजवी म्हणजे धाडसी नव्हे.

खडूसकाका

थोडक्यात, गणवेश घालायचा, पेन्शन घ्यायची, आणि वेळ आली की वाजवी पावलं उचलायची. झकास.

मोडीवाचक

काका, थांबा. आपण जी अपेक्षा सनातन समजतोय ती तशी नाही.

१८२९ मध्ये गृहमंत्री पील यांनी लंडन पोलीस उभे केले तेव्हा निळा कोट दिला तो लाल कोटातल्या सैन्यापेक्षा वेगळं दिसायला. हातात लाकडी दंडुका आणि मदत बोलवायला लाकडी खुळखुळा. शिट्टी आली ती १८८० च्या दशकात. आणि लोकांचं प्रेम म्हणाल तर १३ मे १८३३ ला कोल्ड बाथ फील्ड्सच्या सभेवर पोलीस चालून गेले, त्यात पीसी रॉबर्ट कली भोसकला जाऊन मेला, आणि कॉरोनरच्या ज्यूरीने हा खून समर्थनीय ठरवला! निर्णय पुढे रद्द झाला, पण त्या १७ ज्यूरींच्या नावाने पदकं पाडली गेली. त्या काळी पोलिसाकडून शौर्य कोण मागतंय? तो आपल्या गल्लीत नको, एवढीच मागणी.

चित्र पालटलं याचा दाखला म्हणजे २३ जानेवारी १९०९, टॉटनहॅम. दोन लाटव्हियन दरोडेखोरांनी रबराच्या कारखान्याचा पगार लुटला, साधारण ८० पौंड. मग दोन तासांहून जास्त वेळ सहा मैल पाठलाग. पोलीस चौकीतलं पिस्तुलांचं कपाट फोडावं लागलं, कारण किल्ली सापडेना. कोणी वाटेतल्या लोकांकडून बंदुका मागून घेतल्या, दलदलीत बदकं मारायला आलेले शिकारीही पाठलागात सामील झाले. दरोडेखोरांनी ट्राम पळवली, दुधाची गाडी पळवली, चारशेहून अधिक गोळ्या झाडल्या. पीसी विल्यम टायलर आणि एक दहा वर्षांचा मुलगा मेला. अंत्ययात्रेला रस्ते माणसांनी भरले. त्याच वर्षी किंग्ज पोलीस मेडल सुरू झालं. निःशस्त्र बॉबी (इंग्रज हवालदार) बंदुकीवर धावून जातो, ही प्रतिमा इथून पक्की झाली.

पण बारकाईने बघा: त्या दिवशी धावले ते फक्त पोलीस नव्हते, अख्खी वस्ती धावली. शौर्य हे पोलिसाचं खातं आणि आपण प्रेक्षक, ही वाटणी अलीकडची आहे. कॉन्स्टेबलने मदतीला हाक मारल्यावर विनाकारण नकार देणं हा इंग्लंडच्या कॉमन लॉमध्ये (कोर्टाच्या निकालांतून घडलेला कायदा) गुन्हा होता आणि आहे. अलीकडे कोणावर लावल्याचं ऐकिवात नाही, ती गोष्ट वेगळी.

खडूसकाका

इतिहास मान्य. पण लंडन ब्रिज विसरलात का? ३ जून २०१७. ब्रिटिश ट्रान्सपोर्ट (रेल्वे) पोलिसांचा वेन मार्केझ एकटा, हातात फक्त बॅटन, समोर तीन चाकूवाले. त्याने जोखीम-मूल्यांकनाचा फॉर्म भरला होता का?

रात्रपाळी

भरला नव्हता, आणि म्हणूनच त्याला जॉर्ज मेडल मिळालं. पण काका, मेडल हे कर्तव्यापलीकडे गेल्याबद्दल मिळतं. तुम्ही मेडलचं काम ड्यूटीत मोजताय.

आता साधनांकडे बघू, कारण धाव म्हणणाऱ्यांना हातात काय असतं याचा सहसा पत्ता नसतो.

लंडन ब्रिजच्या हल्लेखोरांकडे प्रत्येकी सुमारे ३० सेंटिमीटरचा गुलाबी सिरॅमिक चाकू होता, चामडी पट्ट्याने मनगटाला बांधलेला. म्हणजे बॅटनचा फटका मनगटावर नेमका बसला तरी चाकू खाली पडणार नाही. पोलिसांच्या प्रशिक्षणातला हात सैल पडला की शस्त्र पडतं हा हिशेबच तिथे मोडला. कमरेला स्फोटकांचे पट्टे. ते खोटे होते, पण हे नंतर कळलं. बंदूकधारी पथकाने पहिल्या कॉलपासून आठ मिनिटांत तिघांना संपवलं, ४६ गोळ्या झाडून. त्या आठ मिनिटांत आठ माणसांचा जीव गेला किंवा जायच्या बेतात होता. मार्केझसारख्यांनी त्यातले काही सेकंद स्वतःच्या अंगावर घेतले.

चाकूरोधक जाकीट छाती, पोट आणि पाठ झाकतं. मान, काख, मांडी उघडीच. मांडीची धमनी कापली तर माणूस काही मिनिटांत जातो, म्हणून आता आवळपट्टी (टूर्निके) बरोबर ठेवतात आणि ती एका हाताने बांधायची तालीम देतात.

टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं पिस्तूल. ब्रिटनमध्ये २००३ पासून, आधी फक्त बंदूकधारी पोलिसांकडे, मग हळूहळू बाकीच्यांकडे. सगळ्यांकडे आजही नाही. दोन सुया तारेसह सुटतात, आणि स्नायू जखडायचे तर त्या दोन सुयांमध्ये अंगावर साधारण ३० सेंटिमीटर अंतर पडावं लागतं. जुन्या मॉडेलमध्ये तेवढं अंतर पडायला समोरचा दोनेक मीटरवर हवा. तो अंगावर आला की सुया जवळजवळ रुततात, दुखतं खूप, पण माणूस थांबत नाही. जाड जॅकेट असेल तर एक सुई कातडीपर्यंत पोचत नाही आणि सर्किटच पूर्ण होत नाही. टेझर होता ना, मग का नाही थांबवलं, याचं उत्तर नव्वद टक्के वेळा या दोन वाक्यांत असतं. (नव्वद टक्के ही माझी बोलायची पद्धत, आकडेवारी नव्हे.)

चहाबिस्कीट

माहितीपूर्ण. एक शंका: मग वाट बघा, मागून मदत येईल, हे शिकवायला कधी लागले? पूर्वी तर नव्हतं.

नियमावली

तारीख सांगता येते: १ जुलै १९९८.

१९७४ चा आरोग्य आणि सुरक्षा कायदा नोकरांना लागू होता. कॉन्स्टेबल हा तांत्रिकदृष्ट्या नोकर नाही, पदधारक आहे, म्हणून त्यातून बाहेर. १९९७ च्या वेगळ्या कायद्याने ती फट बुजवली आणि तो पुढच्या वर्षी जुलैत लागू झाला. १९९९ मध्ये चोराचा पाठलाग करताना एक पोलीस छतातून पडून मेला, २००० मध्ये दुसरा तसाच पडून जखमी झाला. त्यावरून २००३ मध्ये आजी आयुक्त सर जॉन स्टीव्हन्स आणि माजी आयुक्त लॉर्ड कॉन्डन ओल्ड बेली कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात! शिक्षा झाली नाही. पण प्रत्येक पोलीस दलाच्या मुख्यालयात संदेश गेला: हवालदार छतावर चढला तर उद्या साहेबाला कोर्टात जावं लागेल. मग छतावर चढू नका ही लेखी सूचना निघणारच. २००५ मध्ये कायदा बदलून साहेबावर व्यक्तिशः नव्हे तर पदावर खटला होईल अशी सोय केली, पण सवय लागायची ती लागली.

तिचं टोक मे २००७ मध्ये विगनजवळ दिसलं. तळ्यात दहा वर्षांचा मुलगा बुडाला. दोन पीसीएसओ, म्हणजे अटकेचे अधिकार नसलेले पोलीस-सहायक, पोचले तेव्हा तो पाण्याखाली गेलेला आणि दिसत नव्हता. ते उतरले नाहीत, वायरलेसवर प्रशिक्षित माणूस बोलावला. नंतर आलेला पोलीस अधिकारी पाण्यात उतरला. दलाने त्या दोघांची पाठराखण केली आणि देश खवळला.

इथे मी लोकप्रिय बाजूला नाही. पाणी १५ अंशांखाली असेल तर अंगाला पहिला धक्का बसतो तो श्वासाचा: माणूस आपोआप जोरात हवा ओढतो, त्या क्षणी तोंड पाण्यात असेल तर संपलं. हा धक्का ओसरायला एक ते तीन मिनिटं लागतात. पोहता येणारेही याच मिनिटांत बुडतात. ब्रिटनमधली तळी मे महिन्यातही थंड असतात. म्हणून क्रम असा शिकवतात: आधी ओरडून त्याला पाठीवर तरंगायला सांगा, मग काठी, पट्टा, काहीही पुढे करा, मग दोराची पिशवी फेका. उतरणं शेवटी, तेही कंबरेएवढ्या पाण्यापर्यंत. दोराची पिशवी फेकताना दोराचं टोक आधी हातात धरायचं, हे हटकून विसरतात आणि आख्खी पिशवी तळ्यात जाते.

पण हा क्रम वर दिसणाऱ्या माणसासाठी आहे. पाण्याखाली गेलेल्यासाठी काठीचा काय उपयोग? लोकांचा राग तिथे होता, आणि तो गैर नव्हता. २००९ मध्ये आरोग्य आणि सुरक्षा खात्याने पोलिसांसाठी वेगळी भूमिका जाहीर केली, आणि त्यातून पुढे स्पष्ट झालं की स्वतःच्या मर्जीने दुसऱ्याचा जीव वाचवायला धोका पत्करणाऱ्या पोलिसावर हे खातं कारवाई करणार नाही. म्हणजे उडी मारलीत तर शिक्षा नाही, नाही मारलीत तरी शिक्षा नाही. निर्णय काठावर उभ्या असलेल्या पंचविशीच्या पोरावर.

पावशेर

नियमावली यांना +१. यात मुंबईचा धागा आहे तो जोडतो, कारण ब्रिटनमधली चर्चा त्याशिवाय अपुरी राहील.

२६/११ ला चालत चालत गोळ्या घालणाऱ्या टोळ्या जगाने पाहिल्या आणि ब्रिटिश पोलिसांनी अशा हल्ल्यासाठी वेगळी योजना आखली. सांकेतिक नाव ऑपरेशन प्लेटो. तिचा गाभा म्हणजे जागेची वाटणी. बंदूकवाला जिथे आहे किंवा असू शकतो तो गरम पट्टा, तिथे फक्त सशस्त्र पोलीस. तो जिथून गेला पण परत येऊ शकतो तो कोमट पट्टा, तिथे खास प्रशिक्षित रुग्णवाहिका आणि अग्निशमन पथकं. बाकी थंड.

२२ मे २०१७, मँचेस्टर अरीना हे कार्यक्रमांचं सभागृह. २२:३१ ला स्फोट. हल्लेखोर एकटा, तो त्याच स्फोटात मेला. २२:४७ ला पोलिसांच्या ड्यूटी ऑफिसरने प्लेटो जाहीर केलं आणि ते इतर दलांना कळवलं नाही. एका माणसावर इतकी कामं लादलेली की त्याचा फोनच लागेना. अग्निशमन दल घटनास्थळी पोचायला दोन तासांहून जास्त लागले. जिथे माणसं पडली होती त्या सिटी रूममध्ये एकूण तीन पॅरामेडिक गेले. तिथले निःशस्त्र पोलीस, सुरक्षारक्षक आणि येणारेजाणारे जाहिरातींचे फलक आणि अडथळ्यांचे कठडे यांचे स्ट्रेचर करून जखमींना उचलत होते. सॉन्डर्स चौकशीच्या नोव्हेंबर २०२२ च्या खंडात हे सगळं मिनिटामिनिटाने आहे. मेलेल्या २२ जणांपैकी एकजण वेळेत उपचार मिळाले असते तर बहुधा वाचला असता, असा निष्कर्षही त्यात आहे.

लक्षात घ्या, आत असलेले पोलीस पळाले नाहीत. अडली ती यंत्रणा. मुंबईसारखा हल्ला गृहीत धरून केलेली योजना एका बॉम्बला लावली आणि जिथे कोणी बंदूकवाला नव्हता ती जागा कागदावर गरम राहिली.

याच चौकशीच्या आधीच्या खंडात दुसरी बाजूही आहे: स्टेशनवर ड्यूटीला असलेले ट्रान्सपोर्ट पोलिसांचे दोघे कबाब आणायला पाचेक मैल गाडी घेऊन गेले आणि जेवणाची सुट्टी दोन तासांवर लांबवली. स्फोटाच्या वेळी सिटी रूममध्ये त्या दलाचं एकही माणूस नव्हतं. हे शौर्याचं प्रकरण नाही, साध्या ड्यूटीचं आहे. धागालेखकांच्या फाटकासारखंच.

खडूसकाका

ओंबळ्यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरली तेव्हा कुठला पट्टा होता?

पावशेर

काका, ओंबळ्यांना अशोकचक्र मिळालं आणि हात जोडावेत असंच ते काम. पण त्याच रात्री मुंबईच्या चौक्यांवर लाठी आणि जुन्या रायफली होत्या हेही लिहा. एका माणसाच्या छातीवर यंत्रणेची उणीव झाकता येते, एकदाच. ब्रिटनने त्या रात्रीतून घेतला तो धडा हाच, फक्त नंतर तो जास्तच गिरवला.

रात्रपाळी

एक दुरुस्ती. ब्रिटन म्हणताना उत्तर आयर्लंड वेगळं धरा. तिथे सगळे पोलीस पिस्तूल बाळगतात. इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १,४७,००० पोलिसांत बंदूकधारी साधारण सहा हजार. आणि इथे एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते: बंदूक बाळगणं ऐच्छिक आहे. कुठल्याही पोलिसाला घे बंदूक असा हुकूम देता येत नाही. परवान्याचं कार्ड परत केलं की तो पुन्हा साधा बॉबी.

सप्टेंबर २०२३ मध्ये ते घडलं. दक्षिण लंडनमध्ये गाडी अडवताना झालेल्या गोळीबारात माणूस मेला होता. त्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवताच शंभराहून जास्त जणांनी कार्डं ठेवली. सरकारला लष्कर तयार ठेवायला सांगावं लागलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्यूरीने काही तासांत त्याला निर्दोष सोडलं. मृताच्या वस्तीला वाटलं, पोलिसांनी संपाचा धाक घातला (संपाला पोलिसांना १९१९ पासून बंदी आहे). पोलिसांना वाटलं, सेकंदाचा निर्णय आणि दोन वर्षांचा पिंजरा. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात आणि म्हणूनच तोडगा दिसत नाही.

टेम्सकाठी

उत्तम चालू आहे. एक कागद टेबलावर ठेवतो.

इंग्लंड-वेल्सच्या पोलीस कॉलेजने २०१४ मध्ये नीतिसंहिता काढली. नऊ तत्त्वं: उत्तरदायित्व, न्याय्यता, प्रामाणिकपणा, सचोटी, नेतृत्व, वस्तुनिष्ठता, खुलेपणा, आदर, निःस्वार्थीपणा. शौर्य हा शब्दच यादीत नाही. जानेवारी २०२४ मध्ये नवी संहिता आली, तत्त्वं तीनच ठेवली, आणि पहिलंच धैर्य. पुढे आदर व सहानुभूती, आणि लोकसेवा.

पण आतलं वर्णन वाचा. ते चाकूवर धावून जाण्यापुरतं नाही. चूक कबूल करणं, सहकाऱ्याला टोकणं, वरिष्ठाला विरोध करणं, हे त्यात ठळक. हे कुठून आलं ते उघड आहे. मार्च २०२१ मध्ये लंडनमध्ये एका सेवेतल्या पोलिसाने ओळखपत्र दाखवून एका तरुणीला गाडीत घातलं आणि तिचा खून केला. मार्च २०२३ च्या केसी अहवालाने लंडन पोलीस संस्थात्मकरीत्या वंशवादी, स्त्रीद्वेष्टे आणि समलिंगींविरोधी असल्याचं लिहिलं. हिल्सबरो फुटबॉल मैदानावरच्या चेंगराचेंगरीतल्या ९७ मृतांचे नातेवाईक दशकानुदशकं सांगत होते की पोलिसांनी जबाब बदलले. म्हणजे लोक आता म्हणतात: गुंडाला घाबरत नाहीस हे ठीक, शेजारच्या लॉकरवाल्याला घाबरतोस का ते सांग.

मोडीवाचक

हे पटलं, फक्त एक पुरवणी. नवी अपेक्षा आली म्हणून जुनी गेलेली नाही. २९ जुलै २०२४, साउथपोर्ट. लहान मुलींच्या नृत्यवर्गावर चाकूहल्ला. पहिल्यांदा पोचलेले एक सार्जंट, एक कॉन्स्टेबल आणि एक पीसीएसओ बंदूकधारी पथकाची वाट न बघता बॅटन आणि टेझर घेऊन आत गेले आणि हल्लेखोराला पकडलं. त्यातला एक पीसीएसओ होता, हे विगनच्या संदर्भात वाचा. कायदा तोच होता.

नियमावली

आणि उलट दिशेचा बदलही नोंदवा. हम्बरसाइडमधून सुरू झालेली योग्य मदत, योग्य माणूस ही पद्धत लंडनने १ नोव्हेंबर २०२३ पासून घेतली. मानसिक आजार किंवा नुसती विचारपूस यासाठी फोन आला तर पोलीस आता आपोआप जात नाहीत. जिवाला किंवा गंभीर इजेचा खरा, तात्काळ धोका आहे का, किंवा गुन्हा घडतोय का, हे आधी तपासतात. म्हणजे ऑस्मनची कसोटी कोर्टातून उचलून फोनच्या टेबलावर आणून ठेवली. पोलिसांचे तास वाचले हे खरं. पण पलीकडे दार उघडायला कोण जाणार, याची सोय सगळीकडे झालेली नाही.

शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेलं विधेयक पाहा. डायथॅमला ज्या जुन्या कॉमन लॉ गुन्ह्याखाली दोषी धरलं तो रद्द करून त्याजागी नवे गुन्हे आणायचे आहेत. त्यातला एक, मृत्यू किंवा गंभीर इजा टाळण्याच्या कर्तव्याचा भंग. कर्तव्य कोणाचं आणि किती, यावर वकिलांची पोटं भरणार.

चहाबिस्कीट

तिकडे शिकायला, नोकरीला असलेली आपली बरीच मंडळी इथे वाचतात. फोन करायची वेळ आलीच तर काय बोलावं? ती मायकेलची केस वाचून पोटात गोळा आला.

कलमकसाई

आधी जागा सांगा, मग प्रसंग. फोन तुटला तरी गाडी निघू शकते. पोस्टकोड आणि घरनंबर. रस्त्यावर असाल तर जवळच्या दुकानाचं नाव. मोबाइलचा फोन शेजारच्या दलाकडे जाऊ शकतो, म्हणून शहराचं नावही.

मग धमकीचे शब्द जसेच्या तसे. त्याने त्रास दिला असं नको. तो म्हणाला मी तुला मारून टाकीन, असं. कधी म्हणाला, आता कुठे आहे, परत येतोय का, हातात किंवा घरात चाकू आहे का, मुलं आहेत का. कॉलची श्रेणी याच उत्तरांवरून ठरते: लंडनमध्ये तातडीच्या कॉलला १५ मिनिटं, त्याखालच्याला एक तास. आधी तक्रार केली असेल तर तेही आणि तिचा नंबर.

ऑपरेटरने काय लिहून घेतलं ते वाचून दाखवायला सांगा. संकोच वाटतो, तरी सांगा. परिस्थिती बिघडली तर पुन्हा ९९९ लावा आणि आधी फोन केलाय हे पहिल्याच वाक्यात सांगा.

बोलता येत नसेल तर मोबाइलवरून ९९९ लावा आणि खोका, फोनवर टकटक करा. ध्वनिमुद्रित सूचना आली की ५५ दाबा. फोन पोलिसांकडे जोडला जाईल. मात्र ५५ ने तुमचा पत्ता कळत नाही, आणि लँडलाइनवर ही सोय अशी चालत नाही. ५५ दाबलं नाही तर फोन तोडला जाऊ शकतो. तातडी नसेल तर १०१.